फेकायचा ताव

परदेशाहून परतलेल्या माणसाचं स्वागत कोणी करत नाही, त्याच्या बॅगेचं करतात. आमच्या छापखान्यात तर याचा नियमच आहे. कोणी कुठूनही आलं, मग ते मेव्हणीच्या लग्नाहून का असेना, की दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत कागदांच्या कटिंगच्या टेबलावर पिशवी उघडायची आणि ज्याचं त्याला सगळ्यांसमोर द्यायचं. गुपचूप देणं म्हणजे चोरी. कोणाला काय मिळालं आणि कोणाला काय मिळालं नाही, यावर पुढचे दोन महिने सहज निघतात.

त्यामुळे नवीन चाररंगी मशीन शिकायला मला अकरा दिवस परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा अभिनंदनाच्या आधी याद्या आल्या. बाइंडिंगच्या काकूंना हातांना लावायचं मलम हवं होतं, "तिकडचं, ते घट्ट असतं." प्लेटा बनवणाऱ्याला सेंट. कटिंगवाल्या दोघांना टोप्या, त्याही एकसारख्या, नाहीतर भांडणं. मालक म्हणाले, "मला काही आणू नकोस हं," म्हणजे त्यांना बाटली हवी होती. घरी बायकोने वहीच उघडली. तिच्या आईला शाल, माझ्या बहिणीला पर्स, "आणि वन्संना पर्स आणलीत तर मोठ्या जाऊबाईंनाही आणावी लागेल, नाहीतर मला जन्मभर ऐकावं लागेल." तुम्हाला स्वतःला काय हवं, असं पान त्या वहीत नव्हतं.

मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "मला तिथल्या मशीनवरचा एक ताव आण. चांगला नको. न कापलेला, कडेला रंगांची पट्टी असलेला, फेकायचा असतो ना, तसला."

"एवढंच?"

"एवढंच. फुकटचा आहे म्हणून विसरू नकोस."

मास्तर म्हणजे आमचे मुख्य मशीनमन. एकाच छापखान्यात एकतीस वर्षं, आणि त्यातली सतरा मी त्यांच्या हाताखाली काढलेली. रोलर कसा धुवायचा इथपासून त्यांनी मला शिकवलं. मशीनमधून निघालेला ओला ताव दोन्ही हातांनी धरून ते खिडकीपाशी जायचे, मान तिरकी करायचे आणि "लाल उतरव" नाहीतर "निळा अजून उपाशी आहे" असं काहीतरी म्हणायचे. मनासारखं जमलं की तावाच्या कोपऱ्यात सही करायचे. तो सहीचा ताव समोर लावायचा आणि बाकीचा सगळा माल त्याच्याबरहुकूम काढायचा. आमच्याकडे त्या सहीच्या पुढे मालकांचंही काही चालायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी मला कागदाच्या थप्प्यांमागे नेलं आणि हळूच सांगितलं, "पिवळा मला फसवायला लागलाय रे. पांढऱ्यावर तो आहे की नाही, तेच कळत नाही. बाकीचे तीन मी बघतो, पिवळा तू बघून सांगत जा. आणि कोणाला बोलू नकोस." त्या दिवसापासून सही करायच्या आधी ते मान वर न करता विचारायचे, "कसा आहे?" मी "ठीक आहे" म्हटलं की ते सही ठोकायचे. मास्तरांचे डोळे झालो होतो मी. निदान बायकोला तरी मी हे चार वेळा असंच ऐकवलं होतं.

मग नव्या मशीनची बातमी आली. शिकायला एकालाच पाठवणार, आणि तो एक म्हणजे मास्तर हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आता सांगूनच टाकतो. मला जायचं होतं. त्रेचाळीस वर्षांत मी विमान फक्त खालून बघितलेलं. मास्तर निवृत्तीला आलेले, ते शिकून येणार आणि दोन वर्षांत घरी बसणार, मग तो खर्च कोणाच्या कामाचा, असं मी रोज स्वतःला पटवत होतो. स्वतःला पटवायला वेळ लागत नाही, गिऱ्हाईक घरचंच असतं.

एका सकाळी मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. चेहरा काळजीचा केला. म्हटलं, "सांगावंसं वाटत नाही, पण मास्तरांना पिवळा दिसत नाही. मोतीबिंदू असणार. दोन वर्षं मीच सांभाळून घेतोय." आणि वर पावडरच्या खोक्याची आठवण करून दिली. त्या खोक्यावर एक गुटगुटीत बाळ होतं. सगळा माल परत आला होता, कारण गिऱ्हाइकाचं म्हणणं, बाळाला कावीळ झालेली दिसते. आम्ही तेव्हा कागदावर ढकललं होतं. मी मालकांना सांगितलं, "कागद नव्हता तो. मास्तरांचा डोळा होता."

मालक टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत राहिले आणि "बरं" म्हणाले. चार दिवसांनी माझं नाव लागलं. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "नीट शिकून ये," म्हणाले. मी त्यांच्याकडे न बघता त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत मान हलवली. मग त्यांनी तो ताव मागितला.

परदेशातले ते अकरा दिवस मी दिवसा मशीनपुढे आणि संध्याकाळी दुकानांत काढले. शिकवणारा एक पांढऱ्या दाढीचा माणूस होता. तो बटणं दाबायचा, मशीन स्वतःच रंग मोजायचं, पडद्यावर आकडे यायचे. "पण शेवटी डोळा," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावून दाखवायचा. प्रत्येक वेळी मला मास्तर आठवायचे. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करायचो.

दुकानांबद्दल काय सांगू? एक प्रसिद्ध मनोरा होता तिथे, तो किल्लीला लटकलेला, कपावर छापलेला, काचेच्या गोळ्यात बुडवलेला, बनियनवर पसरलेला. पितळेचा एक उचलून पालथा केला तर बुडाला बारीक अक्षरांत आमच्याच देशाचं नाव. म्हणजे आमच्याकडून तो एवढ्या लांब आलेला आणि मी त्याला पुन्हा घरी नेणार, भाडं माझं. पोस्टकार्डं बघितली तर लाल आणि निळा यांचा घटस्फोट झालेला, मनोऱ्याला दोन-दोन कडा. असला माल मास्तरांनी गेटबाहेर जाऊ दिला नसता.

तरी घेतलं. जे यादीत होतं ते घेतलं आणि जे नव्हतं तेही, कारण कोणाचं तरी राहील ही धास्ती. चॉकलेटचे सहा डबे घेतले. ज्यांची नावं आठवत नाहीत त्यांच्यासाठी चॉकलेट असतं. टोप्या मिळाल्या, पण एकसारख्या दोन मिळेनात, म्हणून चार दुकानं पालथी घातली. त्या धावपळीत मला एकदा भर रस्त्यात असं वाटलं की मी शिकायला आलेलोच नाही, मला आमच्या गल्लीने बाजारात पाठवलंय. आणि या सगळ्यात एकच गोष्ट मी मनापासून निवडली.

पांढऱ्या दाढीवाल्याच्या गळ्यात एक भिंग असायचं. छोटं, जड, आत बारीक दिवा. तावावर टेकवलं की रंगाचा एकेक ठिपका मोहरीएवढा दिसायचा. त्या कारखान्याच्याच काउंटरवर ते विकायला होतं. किंमत ऐकून मी एकदा बाहेर गेलो आणि परत आत आलो. चार दिवस रात्री ब्रेड खाऊन मी ते घेतलं, काळ्या डबीत, आत मखमल. मास्तरांसाठी. त्या चार दिवसांत मला फार बरं वाटत होतं, हेही कबूल करतो. उपाशी झोपलं की माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं. माफी न मागता मला माफी हवी होती. आवळा देऊन कोहळा काढायचा, तसला तो व्यवहार होता.

तावाचीही आठवण होती मला. शेवटच्या दिवशी दाढीवाल्याकडे मागितला, तर तो हसला. बाकीचे लोक पेन आणि टोप्या मागतात, म्हणाला. त्याने रद्दीच्या ढिगातून एक ताव ओढला, मला रंगपट्टी नीट दाखवली आणि गुंडाळून पुठ्ठ्याच्या लांब नळीत घालून दिला. नळी माझ्या कमरेच्या वरपर्यंत यायची.

विमानतळावर बॅग वजनाला चढवली आणि काउंटरवरच्या बाईने मान हलवली. बॅग जड, आणि नळी हा सामानाचा वेगळा नग धरणार. एकतर बॅगेतलं काढा, नाहीतर नळी सोडा. माझ्यामागे रांग. मी तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली. मलमाच्या बाटल्या, शाल, दोन पर्सा, मालकांची बाटली मोज्यांत गुंडाळलेली, चॉकलेटचे डबे. एकेक वस्तू हातात घेतली आणि प्रत्येक वस्तूतून कोणाचा तरी फुगलेला चेहरा माझ्याकडे बघायला लागला. टोपी काढली तर कटिंगवाला, पर्स काढली तर वहिनी. फक्त नळीतून कोणी बघत नव्हतं. मास्तर तोंड फुगवणाऱ्यातले नव्हतेच. शिवाय मला वाटलं, ज्याला पिवळा दिसत नाही तो ताव घेऊन काय करणार? आणि भिंग आहेच की. चॉकलेटचा एक डबा मी खिशांत रिकामा केला आणि नळी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात उभी केली. ती अर्धी बाहेर राहिली.

ताव घडी घालून आणता आला असता, हे कोणीही सांगेल. पण छापखान्यातल्या माणसाला ते सुचत नाही. सहीच्या तावाला घडी पडली तर रंग तडकतो, तो ताव मेला. पहिल्या महिन्यात मास्तरांनी याच एका गोष्टीसाठी माझ्या हातावर पट्टी मारली होती. मी ताव टाकू शकलो, दुमडू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलाभोवती सगळे जमले. मास्तर आले ते काळा चष्मा लावून. मी परदेशी गेल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

"मला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"तू शिकायला चालला होतास. त्यात हे कशाला?"

वाटप झालं. काकूंनी मलम हुंगून "आपल्याकडे पण मिळतं हे" असं जाहीर केलं. टोप्या एकसारख्या निघाल्या तर आता ओळखायच्या कशा, यावरून कटिंगवाल्यांची जुंपली. शेवटी मी काळी डबी मास्तरांसमोर ठेवली. त्यांनी ती उघडली, भिंग हातावर तोललं. सगळे पुढे वाकले, कारण ती वस्तू भारी आहे हे न सांगता कळत होतं.

"छान आहे," मास्तर म्हणाले. "फार खर्च केलास." मग टेबलाखाली, खुर्चीमागे बघून म्हणाले, "आणि ताव?"

"विमानात घेऊ देईनात, मास्तर. लांब नळी होती."

"असं होय," ते म्हणाले. त्यांचा चहा तसाच राहिला.

मला सुटल्यासारखं वाटलं. भिंग घेतलं त्यांनी, छान म्हणाले, मिटलं. तसाच मालकांची बाटली घेऊन वर गेलो. मालकांनी ती उजेडात धरून लेबलची छपाई बघितली, आधी छपाई आणि मग नाव. खूश झाले.

"मास्तरांचं नाव राखलंस तू," ते म्हणाले. "त्यांनीच तुझं नाव सुचवलं होतं ना."

"कधी?"

"अरे, तू माझ्याकडे आलास त्याच्या आदल्या दिवशी. मी त्यांनाच पाठवणार होतो, तिकिटाचं विचारायला बोलावलं तर म्हणाले, माझा पिवळा गेलाय, दोन वर्षं त्याच्याच नजरेवर सही करतोय. त्याला पाठवा, माझ्यापेक्षा त्याचा डोळा चांगला आहे. आणि दुसऱ्या दिवशी तू हजर, तेच सांगायला!" मालक हसले. "मी संध्याकाळी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमच्या शिष्याचं आणि तुमचं एकमत आहे."

"पावडरच्या खोक्याचंही सांगितलंत?"

"हो. का?"

मी जिना उतरलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. म्हणजे पाठीवर थाप मारली तेव्हा मास्तरांना सगळं ठाऊक होतं. ताव मागितला तेव्हाही.

ते खिडकीपाशी होते. चष्मा काढलेला, उजवा डोळा लालसर. लांब टेबलावर त्यांनी दोन वर्षांतले सहीचे ताव ओळीने मांडले होते. भिंग एका तावावर ठेवलेलं होतं.

"मालकांनी सांगितलं मला," मी म्हणालो.

"बरं झालं."

"तुम्ही मला बोलला का नाहीत? दोन शिव्या तरी द्यायच्या."

"द्यायच्या होत्या. दोन दिवस जेवण गेलं नाही मला," मास्तर म्हणाले. "मग म्हटलं, जाऊ दे. विमानाची हाव कोणाला नसते? आणि खोटं काही बोलला नाही तो. नजर तर चांगली आहे त्याची." ते खुर्चीवर बसले. "डोळ्याची पट्टी सोडली ना, तर सगळं निळं दिसायला लागलं. भिंत निळी, दूध निळं. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, हेच खरं आहे, इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होता. आता त्यांचं खरं धरू की माझं? असं काही झालं तर, म्हणूनच ताव मागितला होता. ऑपरेशन तेव्हाच ठरलेलं होतं. बाहेरचा एक नीट मोजलेला ताव समोर असता तर डोळा त्याला लावून घेतला असता. आपल्या घरचं माप मला चालणार नव्हतं."

"मी आणत होतो, मास्तर. नळी..."

"कडेची पट्टी फाडून खिशात घातली असतीस. वीतभर तर असते."

 खिशात मी चॉकलेटं भरली होती.

"मग ताव नाही म्हटल्यावर हेच मांडून बसलो," त्यांनी टेबलाकडे हात केला. "डॉक्टरांचं खरं निघालं. त्या बाळाची कावीळ आता मलाही दिसते. ये, बघ."

मी ओणवा झालो. औषधाची खोकी, बियाण्यांची पाकिटं, कॅलेंडरं, ते बाळ. भिंगातून बघायची गरजच नव्हती. ओळीने सगळ्यांवर पिवळा चढलेला होता, महिन्यामागून महिना, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात मास्तरांची सही.

"तू बघत होतास का रे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, चहा घेतलास का असं विचारावं तसा.

पिवळा बघायला कष्ट पडतात. ताव खिडकीत न्यावा लागतो, थांबावं लागतं, आणि जास्त आहे म्हटलं की मशीन बंद, रोलर धुवा, तासाभराची वाट लागली. पहिले एक-दोन महिने मी नेत होतो खिडकीत. नंतर जागेवरूनच म्हणायला लागलो. मास्तर मान वर करत नव्हते, त्यामुळे मीही करत नव्हतो.

"सुरुवातीला बघत होतो," मी म्हणालो.

 ते उठले आणि एकेक ताव उचलून थप्पी लावायला लागले, कडा जुळवून, जसं त्यांनी मला शिकवलं होतं तसं.

"तू मालकांकडे गेलास, ते मी गिळलं असतं," ते म्हणाले. "पण सही माझी आहे. एकतीस वर्षांतली ही दोन वर्षं आता मला कुठे दाखवता येणार नाहीत. मालकांना सांगायला चाललोय, या महिन्यापासून मी येणार नाही."

"मास्तर, असं नका करू. पंधरा दिवसांत नवीन मशीन येतंय. त्यावर मी एकटा असणार."

"शिकून आलायस ना?"

"शिकलोय. पण..."  मी त्यांचा हात धरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "माझे ताव कोण बघणार?"

मास्तरांनी हात सोडवून घेतला, थप्पी काखेत मारली आणि जिन्याकडे वळले.

"गिऱ्हाईक बघेल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांचे पाय धरले असते.